‘विश्वासातला माणूस’ आणि कोऱ्या चेकवरची सही

प्रश्न : आमच्या ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे. अध्यक्ष पुण्यात असतात, महिन्यातून एकदा गावी येतात. आले की दहा-बारा कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवतात. दुसरी सही माझी, तीही मी आधीच करतो. नेट बँकिंग हिशेबनीस बघतात, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो. पंधरा वर्षांचा विश्वासातला माणूस आहे. त्यांना न दुखावता व्यवस्था कशी बदलावी? — कोषाध्यक्ष, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्याकडे चेक लिहिणारा, पैसे पाठवणारा, वहीत नोंद करणारा आणि बँकेशी ताळा जमवणारा माणूस एकच आहे. उद्या काही कमी-जास्त झालं, तर त्यांनी काही केलं नाही हे त्यांनाही सिद्ध करता येणार नाही. बदल त्यांच्यापुढे याच भाषेत मांडा. प्रामाणिक माणूस सहसा नाही म्हणत नाही.

आधी चेक. सही केलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, तरी ‘रक्कम मी लिहिली नव्हती’ एवढ्यावर सही करणाऱ्याची सुटका होत नाही. कपाटात असतील तेवढे आजच रद्द करा आणि त्यांचे नंबर चेक रजिस्टरला लिहा. अध्यक्ष लांब राहतात ही अडचण खरी, पण तिला उपाय आहे. बँकेकडून संस्थेच्या खात्याला ‘मेकर-चेकर’ पद्धतीचं नेट बँकिंग घ्या. हिशेबनीस व्यवहार फक्त तयार करतील. तुम्ही आणि अध्यक्ष आपापल्या मोबाइलवरून मंजूर कराल, तेव्हाच पैसे जातील. त्यासाठी कोणाला कोणता अधिकार आणि किती मर्यादेपर्यंत, हे स्पष्ट लिहिलेला विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो. बिलाचा फोटो पाहिल्याशिवाय मंजुरी द्यायची नाही, हेही त्याच ठरावात घाला. नाहीतर सवयीने ‘ॲप्रूव्ह’ दाबणं हा कोऱ्या चेकचाच नवा अवतार होतो. खात्याला जोडलेलं सिम संस्थेच्या नावावर हवं, आणि ओटीपी फोनवरून सांगायचा नाही, अध्यक्षांनी मागितला तरी.

खरी गळती मात्र बहुतेक वेळा चेकमधून होत नाही, रोख देणगीतून होते. समजा, जानेवारीत आलेले दहा हजार बँकेत भरलेच नाहीत. फेब्रुवारीत दुसरी देणगी आली, ती जानेवारीची म्हणून भरली. मार्चच्या देणगीने फेब्रुवारी झाकला. वहीत सगळं जुळतं, कारण प्रत्येक पावतीमागे कधी ना कधी भरणा असतोच. हे पकडायला सीए लागत नाही. पावतीची स्थळप्रत आणि बँकेची भरणा स्लिप शेजारी ठेवा आणि दोन्हींवरच्या तारखा बघा. दोन-तीन दिवसांचं अंतर चालतं, मध्ये रविवार येतो, बाजार येतो. ते अंतर आठ दिवस, मग पंधरा, मग महिना असं वाढत गेलेलं दिसलं, तर त्याच दिवशी रोकड मोजा.

पावतीपुस्तकांचं वेगळं रजिस्टर ठेवा : कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतचं पुस्तक कोणाला दिलं, कधी परत आलं. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही; मूळ प्रतही पुस्तकातच ठेवून ‘रद्द’ लिहायचं. मूळ प्रत गायब असेल, तर ती पावती कोणाला तरी दिली गेली आहे असंच धरा. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा. ‘सध्या सरांच्या नंबरवर गूगल पे करा’ हे एका दिवसापुरतंही नको.

किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम ठेवा, समजा पाच हजार. व्हाउचरं आणि शिल्लक रोकड मिळून केव्हाही पाच हजारच भरले पाहिजेत. आठवड्यातून एकदा, वार न ठरवता, हिशेबनीस सोडून दुसऱ्या कोणीतरी मोजायचं आणि सही करायची. किराणा, दूध, भाजी यांत एकाच व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांवर रोख देऊ नका. तो खर्च आयकरात संस्थेच्या कामासाठीचा म्हणून धरला जात नाही. घेताना २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला ८०जीची (देणगीवरची आयकरातली) वजावट मिळत नाही, हे पावती फाडण्याआधीच सांगा. नंतर सांगितलं की भांडण होतं.

बँकेचं स्टेटमेंट थेट तुमच्या ईमेलवर मागवा, हिशेबनीसांकडून आलेली पीडीएफ नको. शिवाय त्यांना वर्षातून सलग आठ दिवस रजा द्या आणि त्या काळात काम दुसऱ्याकडे सोपवा. कधीच रजा न घेणाऱ्या हिशेबनीसाचं आपण कौतुक करतो; तपासणारे आधी तिथेच बघतात.

आणि ‘ऑडिटर बघतीलच’ यावर विसंबू नका. ते वर्ष संपल्यावर येतात आणि प्रत्येक पावती तपासत नाहीत.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, आता अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे. भारतातल्या खात्यातून रुपयांतच दोन लाख द्यायचं म्हणतो. आमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठीची केंद्राची नोंदणी) नाही. घ्यावेत का? — सचिव, ग्रामीण वाचनालय, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : घेऊ नयेत. कायदा चलन बघत नाही, देणाऱ्याचं नागरिकत्व बघतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान ठरत नाही. पासपोर्ट बदलला की तोच माणूस ‘परदेशी स्रोत’ होतो, मग रक्कम रुपयांत असो की डॉलरमध्ये. एफसीआरए असलेल्या ओळखीच्या संस्थेमार्फत पैसे फिरवणंही २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे. ‘आधी माझ्या खात्यात घेतो, मग मी देतो’ हाही सल्ला मिळेल; पैसे वाचनालयासाठीच आहेत हे त्याआधीच फॅमिली ग्रुपवर लिहिलेलं असतं! सरळ मार्ग म्हणजे त्या विशिष्ट देणगीसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी किंवा नोंदणी. दोन्हींत पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. दोन लाखांसाठी एवढा खटाटोप परवडतो का, ते तुम्हीच ठरवा. यापुढे परदेशातून आलेल्या प्रत्येक देणगीआधी पासपोर्टची प्रत मागवा, सख्ख्या भावाकडूनही.

प्रश्न : गेल्या सहा वर्षांत दोन विश्वस्त वारले, तीन नवे घेतले. चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) दिलेला नाही. आता बँक केवायसीसाठी अडवते आहे. शिवाय रिकामा हॉल एका क्लासला पाच वर्षांच्या भाडेकरारावर द्यायचा आहे. — विश्वस्त, नाशिक

उत्तर : बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ मध्ये आहे. उशिराचं पुरेसं कारण दाखवून विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा. प्रत्येक बदलाचा रिपोर्ट वेगळा आणि क्रमाने द्या; २०१९ ची जागा रिकामी झालेली दाखवल्याशिवाय २०२२ ची नेमणूक टिकत नाही. मृत्यूचे दाखले, नव्यांची संमतिपत्रं आणि सभेचं इतिवृत्त लागेलच. प्रकरण अडतं ते मात्र नोटिशीवर. संस्थेच्या घटनेत ‘सभेच्या १५ दिवस आधी लेखी नोटीस’ असेल आणि तुम्ही चार दिवस आधी व्हॉट्सॲप केलं असेल, तर एखादा नाराज सभासद सगळी निवडच उलटवू शकतो. नोटीस पोचल्याच्या सह्या किंवा पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा. त्या नसतील, तर नियमाप्रमाणे नवी सभा घेणं अनेकदा सोपं पडतं, पण त्याआधी वकिलाला घटना दाखवा.

हॉलचं थांबवा. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायला कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ती नसेल तर करार वैध नाही. आणि क्लासवाल्याने फर्निचर केल्यावर हे कळलं, की हॉलही अडकतो आणि डिपॉझिटही.

प्रश्न : पगारी माणसं सातच, स्वयंसेवक नऊ. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी का? — कार्यकर्ती, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हवी. २०१३ च्या कायद्यात कर्मचारी म्हणजे स्वेच्छेने काम करणारेही, त्यामुळे तुमचा आकडा सोळा होतो, आणि समिती दहा माणसांपासूनच लागते. अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री, किमान निम्म्या स्त्रिया आणि एक बाहेरची सदस्य. ही बाहेरची व्यक्ती संचालकांची मावशी नसावी.

प्रश्न : चाळीस मुलांची एका दिवसाची सहल आहे. पालकांकडून ‘अपघात झाल्यास संस्था जबाबदार नाही’ असं लिहून घेतो. पुरेसं आहे? — समन्वयक, मुलांचं केंद्र, ठाणे

उत्तर : नाही. निष्काळजीपणा झाला असेल, तर तो कागद संस्थेला वाचवत नाही. त्यापेक्षा संमतीपत्रात मुलाची औषधं, ॲलर्जी, दमा किंवा फिट्स आणि दिवसभर नक्की उचलला जाईल असे दोन फोन नंबर घ्या.

गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी अटभंगावर बोट ठेवते. आदल्या दिवशी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस आणि विम्याच्या तारखा बघा, परमिट आणि चालकाचं लायसन्स मूळ कागदावर तपासा. ऐन वेळी ठेकेदार दुसरीच बस पाठवतो, म्हणून बस आली की हीच तपासणी पुन्हा करा, मुलं चढायच्या आधी. आसनांइतकीच मुलं, ‘लहान आहेत, तिघं बसतील’ हे नको.

दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस धरा, शिवाय एक मोकळा. कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर तो जातो. नदी, धरण, समुद्र असेल तर पाण्यात उतरणं कार्यक्रमातूनच काढा. कोणतंही मोठं माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीत राहणार नाही, हा नियम स्वयंसेवकांना आधी सांगा. अत्याचाराची माहिती मिळाली, तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे ‘आधी मिटिंग घेऊ’ नाही. १०९८ (चाइल्डलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर प्रत्येक मुलाच्या गळ्यातल्या कार्डावर, संस्थेच्या नंबरखाली छापा.

मोजणी मात्र नावाने करा. नुसतं ‘चाळीस झाले’ म्हणताना ढाब्यावरचं एखादं भलतंच मूल मोजलं जातं.