हुक्क्याचा तंबाखू: ओल, आच आणि बरणी

दुबईत राहतो. डबा उघडून महिना झाला. वरचा तंबाखू कोरडा पडलाय, तळाशी पाक साचलाय. फेकून देऊ का?

फेकू नका. तळाचा पाक म्हणजे काकवी, ग्लिसरीन आणि सुगंध. तो काट्याने वर आणा आणि सगळं एकजीव करा. चिमूट घेऊन बघा: बोटांना तकाकी यायला हवी, पण पाक ओघळता कामा नये. तरीही कोरडा वाटला तर पन्नास ग्रॅमला अर्धा चमचा खाण्याच्या दर्जाचं ग्लिसरीन घालून एक दिवस झाकून ठेवा. पाण्याचा हबका मात्र मारू नका, बुरशी येते. पांढरी लव दिसली किंवा आंबूस वास आला, तर मात्र डबा सरळ कचऱ्यात.

आपल्याकडे गुडगुडीसाठी गुळात मळलेला गुडाखू असे, त्याचंही मर्म हेच. पानाला ओल धरून ठेवणारं काहीतरी लागतंच.

फ्रीजमध्ये जास्त टिकेल का?

गरज नाही. मी एकदा ठेवला होता, तर शेजारच्या श्रीखंडाला दोन दिवस बडीशेपेचा वास येत होता. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. पुदिन्याची बरणी वेगळी. प्लॅस्टिकमध्ये तो वास मुरतो आणि पुढच्या प्रत्येक स्वादात डोकावतो. उन्हाळ्यात गाडीत तर विसरूच नका. मुंबईत पावसाळ्यात उलटा त्रास: ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून झाकण उघडं ठेवू नका.

पाचव्या झुरक्यालाच घसा खवखवतो, जळका वास येतो.

दोष बहुधा तंबाखूचा नसतो, चिलीम भरण्याचा असतो. तुम्ही दाबून भरत असाल. तंबाखू बोटांनी सुटा करा, देठ काढा, भुरभुरत टाका आणि काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा. चिलमीवर ताणलेली फॉइल पानाला टेकली की करपणारच. नारळाच्या करवंटीचा कोळसा सगळीकडून राखाडी होईपर्यंत पेटवा, काठावर ठेवा, अधूनमधून सरकवा. काळ्या, न धुतलेल्या पानाचा तंबाखू फार कडक असतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

हुक्क्याच्या भांड्यात पाण्याऐवजी दूध घालू का?

नको. नळी धुता धुता वैतागाल.

धूर पाण्यातून येतो, म्हणजे गाळून येतो ना?

नाही. पाण्याने धूर थंड होतो, एवढंच. निकोटिन पोचतं, आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. बंद खोलीत दोन-तीन हुक्के चालू असताना डोकं जड झालं की पोरं ‘चढली’ म्हणतात. बऱ्याचदा ती याच वायूची बाधा असते. खिडक्या उघडा, कोळसा बाहेर न्या, गरगरणाऱ्याला मोकळ्या हवेत बसवा. शुद्ध हरपली तर थेट रुग्णालय गाठा.