वाचक विचारतात: मॉलमधल्या आशियाई काउंटरवर काय मागवावं, काय टाळावं?

फूड कोर्टमधल्या स्वस्त आशियाई जेवणाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: एकाच रांगेत चायनीज, थाई, जपानी, कोरियन असे काउंटर असतात. पदार्थांचे फोटोही सगळीकडे सारखेच चकचकीत. मग चांगलं काउंटर बाहेरून ओळखायचं कसं?

आधी या स्वयंपाकघरांचं काम कसं चालतं ते पाहू. कमी किमतीत पाच-सात मिनिटांत ताट हातात द्यायचं, तर सूपचा बेस, करी पेस्ट, सॉसची मिश्रणं आणि भात आधीच तयार ठेवावे लागतात. मागणी आल्यावर होतात ती फक्त शेवटची दोन-तीन मिनिटं: परतणं, उकळत्या पाण्यात नूडल्स सोडणं, वाफवणं, तळणं. त्यामुळे ज्या पदार्थाची चव या शेवटच्या मिनिटांत ठरते तो मागवा, किंवा जो तासन् तास मंद आचेवर राहूनही बिघडत नाही तो.

पहिल्या गटात वोकमध्ये (खोलगट चिनी कढईत) परतलेल्या भाज्या, नूडल्स, तव्यावरचे पदार्थ आणि वाफवलेले डंपलिंग येतात. दुसऱ्यात थाई मसामन करी, जपानी करी, सोया सॉसमध्ये मुरवलेलं मांस. फसगत होते ती मधल्या गटात. तळून सॉसमध्ये घोळवून गरम ट्रेमध्ये ठेवलेले पदार्थ पंधरा-वीस मिनिटांत मऊ पडतात, कारण सॉसचं पाणी पिठाच्या आवरणात शिरतं. ट्रेमधल्या हिरव्या भाज्यांचा रंग शेवाळी झाला असेल, तर त्या बराच वेळ उष्णतेवर आहेत हे नक्की.

मेन्यूकडेही नीट बघा. वीस पदार्थ आणि त्यांना पुरतील असे तीन-चार बेस, हे चांगलं लक्षण. त्याच छोट्या जागेत सुशी, पॅड थाई, रामेन आणि शेजवान सगळंच मिळत असेल, तर बहुतेक सॉस बाटलीतून येणार. रांग असलेलं काउंटर शक्यतो निवडा. तिथे ट्रे रिकामे होऊन पुन्हा भरले जातात.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मेन्यूवर ‘व्हेज’ लिहिलेलं असलं की निर्धास्त खावं का?

नाही. अनेक ठिकाणी ‘व्हेज’चा अर्थ ‘मांसाचे तुकडे घातलेले नाहीत’ एवढाच असतो. सॉस, पेस्ट आणि सूप त्यात धरलेलंच नसतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

थाई पदार्थांपासून सुरुवात करू. लाल आणि हिरव्या करीच्या पेस्टमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट वाटतानाच घातलेली असते. काउंटरवरचा माणूस ती काढू शकत नाही. टॉम यम या आंबट-तिखट सूपमध्ये घालतात त्या भाजलेल्या मिरचीच्या पेस्टमध्येही बहुधा सुकी कोळंबी असते. पॅड थाईचा सॉस चिंच, ताडगूळ आणि फिश सॉस एकत्र करून आधीच बनवलेला असतो. याउलट बेसिल घालून परतलेल्या टोफूत फिश सॉस शेवटी पडतो, म्हणून तिथे ‘फिश सॉसऐवजी सोया सॉस घाला’ ही विनंती खरोखर पाळता येते. मात्र त्याच पदार्थात ऑयस्टर (कालवांचा) सॉसही असतो, तोही वगळायला सांगा. मश्रूमपासून केलेला शाकाहारी ऑयस्टर सॉस मिळतो. काउंटरवर तो आहे का, हे विचारायला हरकत नाही.

जपानी काउंटरवर दाशी लक्षात ठेवा. हे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचं पाणी. मिसोची पेस्ट सोयाबीनची असली तरी मिसो सूप बहुधा दाशीत केलेलं असतं. उडोन या जाड नूडल्सचं सूप तसंच, आणि भाज्यांच्या टेम्पुराबरोबर येणारा पातळ सॉसही तसाच. टेम्पुरा मिठाबरोबर खाता येतो, पण कोळंबीही त्याच तेलात तळतात का ते विचारा. काकडी किंवा अ‍ॅव्होकाडोचा रोल सहसा सुरक्षित. मेयोनेझ घातलं असेल तर त्यात अंडं आलं.

कोरियन किमचीत (आंबवलेल्या तिखट कोबीत) फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असणं हीच नेहमीची पद्धत. व्हिएतनामी फो या नूडल्सच्या पदार्थाचं सूप हाडांचं असतं. तिथल्या टोफूच्या ताज्या रोलमध्ये मासे नसले, तरी सोबतच्या पातळ आंबटगोड डिपमध्ये फिश सॉस असतो. त्याऐवजी शेंगदाण्याचा डिप मागा, पण त्यातही फिश सॉस घातलाय का ते विचारून घ्या. चायनीज काउंटरवर लसणीत परतलेल्या पालेभाजीला ऑयस्टर सॉस, हॉट अँड सॉर सूपला चिकन स्टॉक आणि मापो टोफूत खिमा, हे तीन नेहमीचे सापळे.

म्हणून ‘हे व्हेज आहे का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. तीन नेमके प्रश्न विचारा: सूप कशाचं आहे? फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट यांपैकी काय पडतं? वोक धुऊन करून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला नकार देणाऱ्या काउंटरवर रागावण्यात अर्थ नाही. गर्दीच्या वेळी त्यांना ते जमतच नाही. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान हीच विनंती सहज मान्य होते.

चिनी बौद्ध शाकाहारी काउंटर दिसलं तर ही सगळी चौकशी बरीचशी वाचते. तिथे मांसाऐवजी सोया आणि गव्हाच्या ग्लुटेनचे पदार्थ असतात, आणि कांदा-लसूणही सहसा नसतं. अंडं आणि दूध मात्र विचारून घ्यावं.

प्रश्न: ग्लुटेन चालत नाही. तांदळाच्या नूडल्स घेतल्या की झालं ना?

नूडल्स सुटल्या, सॉस राहिला. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, ऑयस्टर आणि होइसिन सॉसमध्येही तो बहुधा येतोच. कोरियन गोचुजांगमध्ये (आंबवलेल्या मिरचीच्या पेस्टमध्ये) गहू किंवा बार्ली असू शकते. जपानी करीचा रस्सा मैदा चरबीत परतून केलेल्या मिश्रणाने घट्ट केलेला असतो. सोबा नूडल्स बकव्हीटच्या (कुट्टूच्या) असल्या तरी बऱ्याचदा त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. सीलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असणाऱ्यांनी एकाच वोकमध्ये सगळं परतणाऱ्या काउंटरपासून लांबच राहावं. नुसता पदार्थ बदलून तो धोका टळत नाही. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर थाई आणि व्हिएतनामी काउंटरलाही हेच लागू.

प्रश्न: रामेन पार्सल आणलं की नूडल्सचा लगदा होतो. काउंटरचा दोष की आमचा?

दोष वेळेचा. रामेनच्या पिठात क्षारयुक्त पाणी घातलेलं असतं, त्यामुळे नूडल्सना पिवळसर रंग आणि चिवट चावा येतो. पण गरम सूपमध्ये त्या पाणी शोषत राहतात. बारीक सरळ नूडल्स पाच मिनिटांतच सैल पडू लागतात, जाड आणि वळणदार जरा जास्त टिकतात. मॉलमध्ये बसून खातानासुद्धा वाटी आल्यावर दुसऱ्या काउंटरवरच्या मित्राची वाट बघू नका.

पार्सल हवंच असेल तर तीन सूचना द्या: सूप वेगळं, नूडल्स एक पायरी कमी शिजवलेल्या, अंडं आणि शेवाळाचा कागद वेगळ्या डबीत. घरी सूप खळखळून उकळा. नूडल्स दुसऱ्या भांड्यात उकळत्या पाण्यात 20 ते 30 सेकंद सोडून मोकळ्या करा, पाणी पूर्ण निथळा आणि मगच सूप ओता. निथळायचा कंटाळा केला तर ते पाणी सूपमध्ये उतरतं आणि चव फिकी होते.

तळलेलं काही पार्सल घेताना डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवायला सांगा. बंद डब्यात वाफेचं पाणी होतं आणि ते आवरणावरच पडतं.

प्रश्न: उरलेला फ्राइड राइस दुसऱ्या दिवशी खाल्ला तर चालतो का? त्याने पोट बिघडतं असं ऐकलं आहे.

ऐकलेलं खरं आहे, पण कारण समजून घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवूनही मरत नाहीत. भात 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान बराच वेळ राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्रास साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतो. म्हणजे ‘चांगला कडकडीत तापवला होता’ याला इथे फारसा अर्थ उरत नाही. भात बाहेर किती वेळ राहिला, हे महत्त्वाचं.

सिनेमाच्या आधी पार्सल घेऊन तीन तास पिशवीत ठेवलेला भात टाकून द्या. दोन तासांच्या आत घरी पोहोचत असाल तर उथळ डब्यात पसरून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिजमध्ये भाताचे दाणे टणक होतात, म्हणून एका वाटीला एक मोठा चमचा पाणी शिंपडून, झाकून, आतपर्यंत वाफाळेल असा गरम करा. असं एकदाच करायचं. सुशीच्या भाताला मात्र हा उपाय नाही, ती त्याच जेवणात संपवावी.

प्रश्न: गरम दगडी वाडग्यातला बिबिमबाप (भाज्या, अंडं घातलेला कोरियन भात) मागवला की कधी तळ करपतो, कधी भात नुसताच ओला राहतो.

वाडगा समोर आला की पहिली दोन मिनिटं काय करता, त्यावर सगळं अवलंबून आहे. वाडगा तडतडत असतो, कडेला तिळाच्या तेलाचा वास सुटलेला असतो आणि लगेच ढवळायचा मोह होतो. तसं करू नका. भात चमच्याने तळाशी आणि कडांना हलका दाबा आणि दोन मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात तळाला सोनेरी खरपूस थर धरतो. वर कच्चं अंडं असेल आणि ते शिजायला हवं असेल, तर तेवढंच उचलून वाडग्याच्या कडेला टेकवा.

मग गोचुजांग. सुरुवातीला एकच लहान चमचा. सगळी वाटी ओतली की दोन गोष्टी होतात: त्यातली साखर गरम तळाला लागून करपते आणि मीठही हाताबाहेर जातं. सॉस वरच्या भाज्यांवर घाला, भात खालून वर उचलत मिसळा, चव बघून वाढवा. भात ओला राहतो तो वाडगा पुरेसा तापलेला नसल्यामुळे. समोर आला तेव्हा आवाजच येत नसेल, तर तो तिथल्या तिथे परत द्यावा.

प्रश्न: मालातांग या चिनी तिखट सूपच्या काउंटरवर आपणच साहित्य निवडायचं असतं, पण वजन झाल्यावर बिल भलतंच येतं.

इथे कच्च्या साहित्याच्या वजनावर पैसे लागतात आणि मग ते सूपमध्ये शिजवून मिळतं. त्यामुळे वजन कशाचं भरतंय ते पाहा. मक्याच्या कणसाचा दांडा, मुळ्याचे आणि भोपळ्याचे जाड तुकडे, आधी भिजवलेल्या नूडल्स जड असतात. सुकी टोफूची साल, शेवाळ, बुरशीसारखे काळे मश्रूम आणि सुक्या नूडल्स हलक्या असतात आणि शिजल्यावर फुगतात. पालेभाजी चिमट्यात धरून नीट झटका, पानांत बरंच पाणी अडकलेलं असतं. एका माणसाला 400 ग्रॅमच्या आसपास पुरतं, पण मोठ्या भांड्यात तेवढं फारच कमी दिसतं आणि हात वाढत जातो. किमान वजनाची अट आहे का आणि मांसाचा दर वेगळा आहे का, हे भांडं भरण्याआधी विचारा. शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, सूप बहुधा हाडांचं असतं.

प्रश्न: अजिनोमोटोमुळे डोकं दुखतं का? ‘घालू नका’ सांगितलं तर उपयोग होतो का?

हा पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. टोमॅटो, मश्रूम, मुरलेलं चीज, सोया सॉस यांतही ते नैसर्गिकरीत्या असतं. डोकेदुखीची चर्चा 1968 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून पसरली. पुढच्या चाचण्यांत, खाणाऱ्याला काय दिलं हे माहीत नसताना, हा त्रास सातत्याने दिसला नाही. रिकाम्या पोटी 3 ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काही जणांना थोड्या वेळापुरता त्रास होऊ शकतो. एका प्लेटमध्ये ते सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असतं. तयार सॉसमध्ये ते आधीच असल्यामुळे सांगूनही पूर्ण टळत नाही.

जेवणानंतर तहान लागते, जडपणा येतो, त्याचं मुख्य कारण आमच्या मते मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि रामेनचं सूप शेवटपर्यंत प्यायलं तर दिवसाचा वाटा एकाच वाटीत संपू शकतो. नूडल्स खा, सूप निम्मं सोडा. सॉस वरून ओतण्याऐवजी बुडवून खा. रक्तदाब असणाऱ्यांनी हे कटाक्षाने पाळावं.

प्रश्न: मुलांसाठी ‘कमी तिखट’ सांगूनही थाई करी झणझणीतच येते.

कारण मिरची पेस्टमध्येच वाटलेली असते. काउंटरवाला फार तर नारळाचं दूध वाढवू शकतो. मुलांना मसामन द्या, पॅड थाई द्या (त्यावरची मिरचीपूड बाजूला मागता येते) किंवा सौम्य जपानी करी. तोंड पोळलंच तर पाण्याऐवजी दूध द्या. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधातलं केसीन ते जिभेवरून सोडवतं.

प्रश्न: चॉपस्टिक वापरता येत नाहीत. काटा-चमचा मागितला तर वाईट दिसतं का?

अजिबात नाही. थाई लोक स्वतःच भात उजव्या हातातल्या चमच्याने खातात आणि डाव्या हातातल्या काट्याने घास त्यावर ढकलतात. चॉपस्टिक तिथे मुख्यतः सूप नूडल्ससाठी. कोरियात भातासाठी चमचाच असतो. चॉपस्टिक वापरणार असाल तर त्या भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. जपानमध्ये या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

प्रश्न: बबल टीतले मोती कधी मऊ, कधी खड्यासारखे का लागतात?

ते टॅपिओका स्टार्चचे असतात आणि शिजवल्यावर चार-एक तासच चांगले राहतात. थंडीत स्टार्च घट्ट होतो, म्हणून भरपूर बर्फातले किंवा फ्रिजमध्ये ठेवलेले मोती टणक लागतात. ‘मोती केव्हा शिजवले?’ असं सरळ विचारा, बर्फ कमी सांगा आणि अर्ध्या तासात संपवा. साखर 25 किंवा 50 टक्के घेतली तरी पुरते, मोती स्वतःच पाकात मुरवलेले असतात. चार वर्षांखालच्या मुलांना मोती देऊ नका, घशात अडकण्याची भीती असते.