अवयव हाती नसताना संख्या संयुक्त कशी म्हणायची?

तुमचा प्रश्न असा: दोनशे अंकी संख्या मूळ नाही हे कॉम्प्युटर क्षणात सांगतो, पण तिचे अवयव सांगत नाही, मग त्यावर विश्वास का ठेवायचा, आणि अवयव काढणं एवढं अवघड का? याच गोष्टीवरून माझं आणि दादाचं चाळीस वर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसले.

मी नववीत होते, दादा इंजिनिअरिंगला. देवळालीच्या कापरेकर गुरुजींच्या डेमलो संख्या वाचल्यापासून मला एकांच्या रांगांचं वेड लागलं होतं. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१, अशा त्या डेमलो संख्या. एका संध्याकाळी पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर मी खडूनं ओळीनं अकरा एक लिहिले, १११११११११११. दादा म्हणाला, "अकरा मूळ, म्हणजे ही पण मूळ. पाचशेपर्यंत भागून बघितलंय मी." मी म्हटलं, पाचही मूळच आहे, पण १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. "ते सोड. हिचे अवयव दाखव. चोर दाखवल्याशिवाय चोरी झाली म्हणायचं नाही."

त्या मे महिन्यात सार्वजनिक वाचनालयातल्या एका पुस्तकात मला सापडलं की या संख्येच्या कुठल्याही अवयवाला २२ नं भागलं तर बाकी १ च उरते. म्हणजे २३, ४५, ६७, ८९ असं चढत जायचं. ३, ५, ७ नं भाग जाणारे गाळले. गच्चीवर आईच्या कुरडया राखत पाठकोऱ्या कागदांवर भागाकार केले. या रांगेतला ९८४वा आकडा २१६४९. बाकी शून्य! भागाकार ५१३२३९. कुरडया टाकून खाली धावले. दादानं गुणाकार दोनदा पडताळला आणि म्हणाला, "बघ, अवयव सापडले तेव्हाच सिद्ध झालं. म्हणजे माझंच खरं." मला उत्तर सुचलं नाही. ते अजून सलतं.

उत्तर फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० मध्येच दिलेलं होतं. एखादी संख्या क मूळ असेल, तर क नं भाग न जाणाऱ्या कुठल्याही संख्येचा (क-१)वा घात घ्या, क नं भागा, बाकी १ च येते. ९१ घ्या. ती मूळ असेल तर २ च्या ९०व्या घाताची बाकी १ यायला हवी. २ चा १२वा घात ४०९६, ९१ नं भागून बाकी १. म्हणून ८४व्या घाताचीही १. नव्वदाव्यासाठी उरतो सहावा घात, म्हणजे ६४. बाकी १ आली नाही, ९१ मूळ नाही. यात ७ आणि १३ कुठे आले? कुलूप तुटलंय, कपाट रिकामं आहे. चोरी झालेली आहे, चोर सापडो न सापडो.

लुकास या फ्रेंच गणितज्ञानं १८७६ मध्ये वेगळ्या कसोटीनं दाखवलं की २ चा ६७वा घात वजा १, ही २१ अंकी संख्या, मूळ नाही. अवयव कोल या अमेरिकन गणितज्ञानं १९०३ मध्ये न्यूयॉर्कला फळ्यावर मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधली २७ वर्षं ती काय मूळ होती?

अवघड का, याचं उत्तर छोटं आहे: झटपट रीत कुणाला सापडलेली नाही, आणि अशी रीत नाहीच हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. अवयव काढून दाखवा असं आव्हान म्हणून जाहीर केलेल्या आरएसए संख्यांपैकी २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली. ६१७ अंकी अजून शाबूत आहे.

एक राहिलं. बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, पण २ घेतला तर बाकी १ च येते. ३ घेतला की पकडली जाते. ५६१ तर तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक आकड्याला चकवते. आणि अकरा एकांवर १० घेऊन बघू नका, तिथेही १ च येते. कॉम्प्युटर अशीच कसोटी लावून "मूळ नाही" म्हणतो तेव्हा मात्र नि:शंक विश्वास ठेवा.

रविवारी दादा जेवायला येतोय. ९१ चा हा हिशेब त्याच्याकडूनच कागदावर करून घेणार आहे. अट एकच, ७ आणि १३ हे आकडे तोंडातून काढायचे नाहीत.