सर्टिफिकेटवर ०.०१ डिग्री, ही छपाईची चूक का?

प्रश्न : आमचा इचलकरंजीजवळ टेम्परेचर सेन्सर बनवायचा छोटा कारखाना आहे. परवा मास्टर थर्मामीटर (ज्याच्याशी बाकीचे सेन्सर ताडून बघतो तो) कॅलिब्रेट करून आणला तर सर्टिफिकेटवर पहिलाच आकडा ०.०१ डिग्री सेल्सियस. पाणी शून्याला गोठतं हे चौथीपासून पाठ आहे. लॅबमध्ये फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "ट्रिपल पॉइंट आहे सर," आणि ठेवून दिला. हे काय प्रकरण आहे? साधा बर्फ का चालत नाही?

उत्तर : चूक नाहीये, उलट त्या अख्ख्या कागदावर सगळ्यात खात्रीचा आकडा कुठला असेल तर तोच.

कुकरपासून सुरू करू. उघड्या पातेल्यात पाणी १०० च्या आसपास उकळतं, कुकरमध्ये शिट्टी होताना तेच पाणी १२० च्या आसपास पोचलेलं असतं, आणि महाबळेश्वरला उघड्यावर चहा ठेवला तर ते ९५-९६ लाच उकळ्या मारायला लागतं. म्हणजे पाणी आणि वाफ अशी दोनच रूपं एकत्र असली की तापमान दाबाच्या तालावर नाचतं. बर्फ आणि पाणी या जोडीचंही तेच, फक्त नाच बारीक असतो. पण बर्फ, पाणी आणि वाफ तिघंही एकाच भांड्यात, दुसरं काहीही नसताना, गुण्यागोविंदाने नांदायला लागले की मग सरकायला जागाच उरत नाही. दाब ६११.६५७ पास्कल, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या साधारण १६६ वा भाग, आणि तापमान ०.०१ डिग्री सेल्सियस. बाहेरून थोडी उष्णता आत शिरली तर थोडा बर्फ वितळतो, गेली तर थोडं पाणी गोठतं, तापमान जागचं हलत नाही. आकडा आपण ठरवत नाही, पाणीच ठरवतं, आणि हे पुण्यातही तेच, लेहलाही तेच. 'ट्रिपल पॉइंट' हे नाव १८७३ मध्ये जेम्स थॉमसनने दिलं, लॉर्ड केल्विनचा थोरला भाऊ (घरात दोघंही तापमानात बुडालेले).

मग साध्या बर्फाशी ०.०१ चा फरक का? आपल्या बर्फावर हवेचा दाब बसलेला असतो, त्याने गोठणबिंदू सुमारे ०.००७५ डिग्री खाली येतो, आणि पाण्यात हवा विरघळते त्याने आणखी ०.००२५ च्या आसपास. बेरीज करा, झाला एक शतांश. यातली हवा नेमकी किती विरघळली हे सांगणं कठीण, त्यात नळाच्या पाण्यातले क्षार, आणि कॅलिब्रेशनवाल्यांचं दुखणं इथेच आहे.

म्हणून लॅबमध्ये काचेचा एक बंद सेल असतो. अत्यंत शुद्ध पाणी व्हॅक्यूममध्ये भरून काच वितळवून तोंड कायमचं बंद केलेलं, मधोमध वरून खाली जाणारी एक नळी, तिच्यात थर्मामीटर सोडायचा. आधी या मधल्या नळीत ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) चुरा भरतात, तिच्याभोवती आतल्या पाण्याचं बर्फाचं जाड कवच धरतं, मग क्षणभर कोमट रॉड आत घालून कवच नळीपासून जरासं सुटं करतात, की सेल हळूच फिरवला तर कवच आपलं आपण गरगर फिरलं पाहिजे. नळीलगतच्या त्या पातळ पाण्याच्या थरातच खरी गंमत आहे. एवढं करून लगेच मोजायचं नाही, ताज्या बर्फात ताण असतो, तो निवायला काही दिवस जातात. आणि मग थर्मामीटरचं टोक पाण्याच्या पातळीच्या पाव मीटर खाली असतं, वरच्या पाण्याचा दाब पडतो, म्हणून तिथलं तापमान अजून ०.०००२ डिग्रीने कमी धरायचं!! हे वाचून हसू येईल, पण ही माणसं खरंच या हिशोबात जगतात.

सेल चांगला आहे का हे कानाने कळतं हे मला सगळ्यात आवडतं. बर्फ नसताना सेल हलकेच तिरका केला की पाणी काचेवर आपटून 'टिक्' असा कोरडा, धातूसारखा आवाज येतो, कारण मध्ये गादी म्हणून हवाच नाही. आवाज मऊ आला की समजायचं कुठून तरी हवा शिरलीय. मी उमेदवारीत असताना एकदा कवच धरताना चहाला गेलो, वरच्या बाजूला पाण्याच्या पृष्ठभागावर बर्फ आडवा पसरून नळीपासून काचेपर्यंत पूल झाला, आणि गोठताना पाणी फुगतं हे चौथीतलंच ज्ञान मला तडकलेल्या सेलने परत शिकवलं. किंमत विचारू नका.

तुमच्या कामाचं एक सांगतो. मास्टर जर प्लॅटिनमचा, म्हणजे प्लॅटिनमच्या तारेच्या विद्युत रेझिस्टन्सवरून तापमान सांगणारा, असेल तर त्याचं सगळं गणित ट्रिपल पॉइंटला असलेल्या रेझिस्टन्सच्या गुणोत्तरात चालतं, १९९० चा आंतरराष्ट्रीय तापमान स्केल तसाच बांधलाय. गॅलियम २९.७६४६, कथील २३१.९२८, जस्त ४१९.५२७ डिग्री असे धातू वितळण्या-गोठण्याचे पुढचे टप्पे असतात, पण भागाकारात खाली दरवेळी पाणीच. म्हणून तो आकडा सर्टिफिकेटवर पहिला. मास्टर कुठे आपटला, जास्त तापला, तर आधी तिथेच फरक दिसतो, तेव्हा जुनी सर्टिफिकेटं फेकू नका, दरवर्षीचा तो रेझिस्टन्स शेजारी शेजारी लिहून ठेवा.

प्रश्न : मी रत्नागिरीला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. केल्विन या तापमानाच्या एककाची व्याख्या आम्ही 'ट्रिपल पॉइंटचा २७३.१६ वा भाग' अशी शिकवायचो, आता ती रद्द झाली म्हणतात. मुलं विचारतात की २७३.१६ हा विचित्र आकडा आला कुठून, आणि रद्द का केला?

उत्तर : मॅडम, आकडा विचित्र आहे कारण जुन्या डिग्रीचा आकार मोडायचा नव्हता. आधी बर्फ शून्य, वाफ शंभर, मध्ये शंभर भाग अशी दोन खुंट्यांवर दोरी बांधलेली होती, आणि त्या दोरीवर निरपेक्ष शून्य (ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही ते) कुठे येतं ते मोजायला लागायचं. ते उणे २७३.१५ च्या जवळपास यायचं पण शेवटचे दशांश लॅबालॅबात जुळायचे नाहीत. २७३ मध्ये एक-दोन शतांश इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं असं मुलं म्हणतील, त्यांना सांगा, १ केल्विनवर प्रयोग करणाऱ्याला तीच चूक एक-दोन टक्क्यांची पडते. लॉर्ड केल्विन आणि जूल या शास्त्रज्ञांनी १८५४ मध्येच सुचवलं होतं की एक खुंटी निसर्गाने दिलेलीच आहे, निरपेक्ष शून्य, दुसरी एकच ठरवा. ते ऐकायला जगाला १९५४ उजाडावं लागलं, बरोबर शंभर वर्षं. तेव्हा ट्रिपल पॉइंटला २७३.१६ हा आकडा हुकुमाने दिला, म्हणजे बर्फ २७३.१५ वरच राहिला आणि डिग्री जवळजवळ तेवढीच. उकळणबिंदू मात्र त्यामुळे मोजायची गोष्ट झाला, आणि आजच्या स्केलवर तो १०० नाही, ९९.९७४ भरतो. हे वर्गात सांगून बघा, धमाल येते.

मग अडचण काय झाली, तर पाणी म्हणजे कुठलं पाणी? पाण्यात जड हायड्रोजन, जड ऑक्सिजन थोडाफार असतोच आणि ते प्रमाण जागेगणिक बदलतं. संपूर्ण जड पाण्याचा ट्रिपल पॉइंट ३.८२ डिग्री आहे, म्हणजे भेसळ मोजमापात उतरणारच. २००५ मध्ये स्पष्ट करावं लागलं की समुद्राच्या सरासरीचं एक ठरावीक संदर्भ-पाणी धरायचं. त्याच्या नावात व्हिएन्ना आहे, जिथे समुद्र नाही :) (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तिथे आहे म्हणून). शेवटी २० मे २०१९ पासून बोल्ट्झमन स्थिरांकच (तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणारा आकडा) पक्का केला, १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात ज्यूल प्रति केल्विन, आणि केल्विन त्यावरून निघतो. आता २७३.१६ हा हुकूम नाही, मोजलेला आकडा आहे, त्यात डिग्रीच्या दहा-हजाराव्या भागाइतकी शंका आहे. गंमत म्हणजे तो स्थिरांक इतका अचूक मोजला कसा, तर तांब्याच्या गोलात आर्गॉन किंवा हेलियम भरून त्यातला आवाजाचा वेग मोजला, आणि तो गोल ठेवला होता पाण्याच्या ट्रिपल पॉइंटच्याच तापमानाला. म्हणजे पाण्याने स्वतःच्या हाताने गादी सोडली म्हणायची. 'रद्द' हा शब्द तेवढा वापरू नका. कॅलिब्रेशनच्या टेबलावर आजही तोच सेल असतो, बोल्ट्झमन कोणी थर्मासमध्ये घालून आणत नाही.

प्रश्न : घरी ट्रिपल पॉइंट करता येईल का? बारावीचा प्रोजेक्ट आहे.

उत्तर : व्हॅक्यूम पंप नसेल तर नाही. पण बर्फाचा शून्य घरी छान जमतो. फिल्टरच्या पाण्याचा बर्फ बारीक कुटायचा, थर्मासमध्ये गच्च दाबून भरायचा, आणि थंड पाणी फक्त फटी भरतील एवढंच. बहुतेक मुलं पाण्याने भरलेल्या ग्लासात चार खडे तरंगत ठेवतात आणि थर्मामीटर तळाला टेकवतात, तिथे जाऊन बसतं ४ डिग्रीच्या आसपासचं जड पाणी, मग थर्मामीटर खराब म्हणून दुकानदाराशी भांडण.