मॉरिस ऑक्सफर्ड आणि एमजीबी यांचं इंजिन एकच होतं का?

तुम्ही विचारलंय, की घरगुती मॉरिस ऑक्सफर्ड आणि स्पोर्ट्‌स कार एमजीबी यांचं इंजिन एकच होतं हे खरं का. घराणं एकच, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. ऑक्सफर्डमध्ये ते आधी १४८९ आणि पुढे १६२२ सीसीचं होतं, एमजीबीत १७९८ चं. पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तिन्हींत तोच, ८८.९ मिमी, म्हणजे साडेतीन इंच. मला तर या इंजिनाची सगळी कहाणी त्या एका आकड्यात दिसते.

तो आकडा १९३२ च्या ऑस्टिन टेनपासून चालत आलाय. तेव्हा ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर 'हॉर्सपॉवर'वर लागे आणि ती हॉर्सपॉवर कागदावरची असे: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येनं गुणा, २.५ नं भागा. टेनचा बोअर अडीच इंच, सिलिंडर चार, उत्तर बरोबर दहा. स्ट्रोक या हिशेबात कुठेच नाही. मग कारखानदार काय करणार? बोअर अरुंद ठेवायचा आणि स्ट्रोक लांब. ब्रिटिश इंजिनं लांब स्ट्रोकची का, याचं मोठं कारण हा करच आहे.

१९४७ साली ऑस्टिनची ए४० आली. इंजिन नवं, १२०० सीसीचं, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात), ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर. जुना कर त्याच सुमारास गेला, साडेतीन इंचांचा स्ट्रोक मात्र राहिला. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन बीएमसी झाली आणि याच आराखड्यावरचं १४८९ सीसीचं इंजिन दोन्हीकडच्या गाड्यांत बसू लागलं. तिथून पुढची वाढ बोअरची: ७३ मिमीवर १४८९, ७५.४ वर १५८८, ७६.२ वर १६२२ आणि शेवटी ८०.२६ वर १७९८. जुन्या सूत्रानं त्या शेवटच्या बोअरवर सोळाचा कर बसला असता!

बोअर एवढा वाढवायचा तर ब्लॉकमध्ये जागा हवी. म्हणून शेजारच्या सिलिंडरांच्या भिंती जोडीजोडीनं एकमेकींना चिकटवल्या, मधली पाण्याची वाट गेली. १९६२ च्या पहिल्या एमजीबीत ९५ हॉर्सपॉवर काढणाऱ्या या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, अजून तीनच मेन बेअरिंगवर (त्याला पेलणाऱ्या आधारांवर) फिरत होता. दोन बेअरिंगांमध्ये दोन-दोन सिलिंडरांचा जोर आला, की जास्त आरपीएमला क्रँक लवतो. १९६४ मध्ये ऑस्टिन १८०० साठी पाच बेअरिंगांचा ब्लॉक झाला आणि तो लगेच एमजीबीलाही मिळाला. घर्षण थोडं वाढलं, पण इंजिन गुळगुळीत आणि टिकाऊ झालं. माझ्या मते बी-सिरीजमधली सर्वांत मोलाची सुधारणा हीच. एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीसाठी केलेलं ट्विन-कॅम हेड (व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट असलेलं) कागदावर याहून कितीतरी आकर्षक होतं, पण त्या इंजिनाचे पिस्टन जळायचे आणि त्याचं उत्पादन लवकरच थांबलं.

म्हणून एमजीबीचा पाच बेअरिंगांचा क्रँक ऑक्सफर्डच्या ब्लॉकमध्ये बसत नाही. नात्यातली असली तरी ही दोन इंजिनं वेगळी धरा. ऑक्सफर्डचं १४८९ सीसीचं इंजिन मात्र आपल्याकडे बघायला मिळतं. हिंदुस्थान मोटर्सनं सुरुवातीचं साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन काढून तेच अॅम्बेसेडरमध्ये बसवलं. जुन्या पेट्रोल अॅम्बेसेडरचं इंजिन गॅरेजमध्ये उघडलेलं दिसलं तर खालून क्रँक पाहा, मेन बेअरिंग तीनच असतील.