कानावर घेतलेली वेळ

बाय,

अनेक आशीर्वाद. तुझा रागावलेला मेसेज पोचला. "बाई, मी फक्त गंमत केली, एवढं काय त्यात?" याचं उत्तर फोनवर टाइप करत बसले तर माझा अंगठा जाईल, म्हणून वही काढली. अक्षर लागलं नाही तर आजीला दे. तिला माझं अक्षर चौथीपासून पाठ आहे.

आधी एक कबूल करते. समुद्रकाठच्या पुळणीवर आपल्या शाळेच्या मुलींची आठशे मीटरची शर्यत चालली होती, आणि शेवटून येणाऱ्या मुलीला बघून तू माइकवरून म्हणालीस, "आणि मागून येतेय कोकण रेल्वेची मालगाडी, सायडिंगला टाकलेली!" तेव्हा अख्खी पुळण हसली, आणि मीही हसले. स्टॉपवॉच हातात धरून हसले. मग ती मुलगी शेवटचं वळण सोडून सुरूच्या झाडांकडे चालत गेली आणि चपलांच्या ढिगाऱ्याजवळ पाठ करून बसली. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे मी "अपूर्ण" असं लिहिलं. ते लिहिताना मात्र हसू आलं नाही.

तुझ्या बाबांनी मला सांगितलंय की अकरावीत हे चाळे बंद करायला लाव. मी तसलं काही सांगणार नाही. बोलत राहा. आपल्या गावातल्या टेनिस बॉलच्या मॅचला पुरुषांच्या हातातला माइक काढून घेणारी तू पहिली पोर, आणि आमच्या वेळी असं कोणी केलं असतं तर मला फार आवडलं असतं. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला, आपली दोन्ही पथकं जिंकली, दोन्ही कर्णधार आपल्या मराठी मातीतले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या रात्री सगळ्यांनी तिरंगे टाकले. तू मला पाठवलंस, "बाई, खांबाजवळ ती वाकली ना, तेव्हा तिची बोटं आधी पोचली आणि पाय नंतर." मी तो मेसेज अजून पुसलेला नाही. आपल्या मैदानात लाल धुळीत खेळतात तो खेळ मॅटवर बूट घालून कसा दिसतो, ते मला तुझ्या त्या एका ओळीतून कळलं.

आणि त्याच तू सप्टेंबरात स्टेटस ठेवलंस, "नीरज संपला. आता फक्त जाहिराती." टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत भालाफेकीत तो 84.03 मीटरवर राहिला, आठवा आला, खरं आहे. पाठ दुखत होती हे त्यानं नंतर सांगितलं, पण ते सोड, ते तुला तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्याच फायनलमध्ये सचिन यादव 86.27 मीटर फेकून चौथा आला. ब्राँझ 86.67 ला गेलं. म्हणजे चाळीस सेंटिमीटर, एका फूटपट्टीहून थोडंसंच जास्त. एक भारतीय पदकापासून तेवढ्यावर उभा होता आणि तुझ्या स्टेटसमध्ये त्याचं नाव नाही. मला नीरजपेक्षा त्याचं वाईट वाटलं. पॅरिस ऑलिंपिकलाही आपलं असंच झालं. नीरजचा 89.45 म्हणजे त्याच्याच टोकियो ऑलिंपिकच्या सोन्याहून जवळजवळ दोन मीटर लांब, पण समोर पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं 92.97 टाकला म्हणून लोक "फक्त रौप्य" म्हणाले. त्या रात्री नीरजच्या आईनं मात्र अर्शदलाही आपलाच मुलगा म्हटलं. तिनं काही आकडे मोजले नसतील. आधी आकडे बघायचे, मग बोलायचं, या माझ्या नियमाला हा अपवाद, आणि तो मला बिनतक्रार मान्य आहे.

सिनेमाचंही तेच. मिल्खा सिंगांवरचा सिनेमा पाहून तू वर्गात सांगितलंस की मागे वळून पाहिलं म्हणून ते हरले. सिनेमाला मान वळवलेली दाखवायला सोपी जाते. पण 1960 च्या रोम ऑलिंपिकात चारशे मीटरला त्यांच्या पुढे कोण पळत होतं? ओटिस डेव्हिस आणि कार्ल कॉफमन, दोघांचीही वेळ 44.9 सेकंद, दोघांचाही जागतिक विक्रम, पहिला कोण ते फोटो बघून ठरवावं लागलं. तिसरा दक्षिण आफ्रिकेचा स्पेन्स. अशा शर्यतीत आपला माणूस चौथा आला आणि त्याची ती वेळ भारतात 1998 पर्यंत कोणाला मोडता आली नाही. मान वळली असेल, नसेल. मला मान वळण्यापेक्षा ही गोष्ट जास्त रडवते. रील बनवायला अवघड आहे खरी.

आता माझी चूक सांगते.

मी गणिताची बाई. स्टॉपवॉच माझ्याकडे आलं ते पीटीचे सर बदलून गेले आणि जागा भरली नाही म्हणून. आपल्या शाळेच्या मैदानात शंभर मीटर सरळ बसत नाही, एका टोकाला कातळ आणि दुसऱ्या टोकाला कंपाउंड, म्हणून शर्यती पुळणीवर. तारीख मी पंचांग बघून काढते. तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, की भरतीची वेळ मिळते; हे मला बंदरावरच्या तांडेलानं शिकवलं, बी. एड. मध्ये नाही. पंचमीला पंधरा भागिले चार, पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेनऊ-पावणेदहाला ओहोटी आणि ओली, घट्ट वाळू. चतुर्थी याहून सोयीची पडते, पण निम्मा स्टाफ संकष्टीला उपाशी असतो.

2009 सालची गोष्ट. ऑगस्टमध्ये बोल्ट बर्लिनला शंभर मीटर 9.58 सेकंदांत पळाला होता आणि आपली पोरं प्रार्थनेच्या रांगेतसुद्धा धनुष्य ओढल्याची पोझ देत होती. नववीतला एक मुलगा खरोखर चांगला पळायचा. पिस्तूल कुठलं असायला! दोन फळ्यांचा क्लॅपर होता. वेळ घेणाऱ्यानं फळ्या मिटताना डोळ्यांनी बघायचं आणि बटण दाबायचं, आवाजावर थांबायचं नाही. कारण आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, शंभर मीटर यायला त्याला 0.29 सेकंद लागतात. हे मी दहावीच्या वर्गात फळ्यावर शिकवत होते. पण त्या सकाळी उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, मी मान खाली घातली आणि फट् आवाज आल्यावर बटण दाबलं. 12.1. माइकवरून जाहीर झालं. गावभर झालं. त्याच्या आईनं शाळेत खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या.

जिल्ह्याला रत्नागिरीत मारुती मंदिरच्या स्टेडियमवर तो 12.5 पळाला आणि हीटमध्येच बाहेर. परतीच्या एस.टी.त खिडकीला डोकं टेकवून बसला, पार खेड येईपर्यंत बोलला नाही. त्याला वाटलं आपण मंदावलो. खरं तर पुळणीवरही तो 12.4 च पळाला होता. पुढच्या वर्षी त्यानं नाव दिलं नाही. माझ्या लक्षात आलं ते कितीतरी महिन्यांनी, त्याच धड्यावरची उत्तरपत्रिका तपासताना.

आता त्याची स्वतःची होडी आहे. चार वर्षांपूर्वी हर्णै बंदरावर भेटला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "बाई, तीन दशांश सेकंदासाठी तुम्ही एवढी वर्षं झोपला नाहीत?" म्हणाला आणि पिशवीत दोन पापलेटं टाकली, पैसे घेईना. घरी आल्यावर ती तळायचा धीर झाला नाही. शेजारी दिली.

म्हणून सांगते, तुझी मालगाडी हीसुद्धा कानावर घेतलेली वेळ आहे. हशा ऐकू येत होता, त्यावर तू बटण दाबलंस. ती मुलगी काय करत होती ते माझ्या कागदावर आहे, तू पाहिलं नाहीस. पहिल्या चारशेला ती दुसरी होती. 1 मिनिट 29 सेकंद. आठशेच्या मानानं फार जोरात, चूकच. शिवाय तिला पाण्याच्या बाजूची कडेची पट्टी मिळाली होती, तिथं पाय रुततो. आणि अनवाणी. तू तेव्हा माइक बंद करून बारावीच्या पोरांशी बोलत होतीस. पहिल्या वळणाला हे सांगितलं असतंस, तर शेवटच्या वळणाला ती का मागे पडली ते पुळणीवरच्या सगळ्यांना कळलं असतं, आणि मग मालगाडी म्हणाली असतीस तरी कदाचित तीच हसली असती. विनोद वाईट नव्हता गं. आधीचा अर्धा भाग नव्हता त्याला.

माफी मागायला तिच्या घरी जाऊ नकोस. तिची आजी भांडकुदळ आहे, आणि ती मुलगी तुला बघून आत पळेल. घोळका करून तर मुळीच नको.

येत्या पंचमीला राहिलेल्या शर्यती घेणार आहे. मुलींची आठशे मी पुन्हा ठेवली आहे, कारण कागदावर "अपूर्ण" हा शब्द मला बघवत नाही. तिला विचारलं, ती खांदे उडवून "बघू" म्हणाली. म्हणजे येईल. माइक तुलाच देणार, मुख्याध्यापकांशी बोलून झालंय. पण त्याआधी मुलांची शंभर मीटर आहे, ती तू माझ्या शेजारी उभं राहून घ्यायचीस. दुसरं स्टॉपवॉच आहे, त्याचा सेल गेलाय, येताना बाजारातून आण, मागच्या झाकणावर नंबर लिहिलाय, मी फोटो पाठवते. टोपी आण. ऊन अगदी समोरून येतं, आणि फळ्या बघायच्या असतात.

तुझी,
बाई

ता. क. आजीला सांग, कुळथाचं पीठ मिळालं. डबा पंचमीला तुझ्याबरोबर परत देते.