घराभोवती स्थानिक झाडंच लावा असं म्हणतात, त्याचा नेमका फायदा काय?

सगळ्यात मोठा फायदा किड्यांना, आणि त्यांच्यामुळे पक्ष्यांना. बहुतेक सुरवंट वाटेल ते पान खात नाहीत. ज्या झाडांसोबत त्यांच्या हजारो पिढ्या वाढल्या, तीच पानं त्यांना पचतात. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या रुईच्या कुळातल्या झाडांवरच जगतात. ती नसतील तर बाग फुलांनी कितीही भरलेली असो, त्यांची पुढची पिढी तिथे वाढत नाही. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी सांगतात, की चिकडी या चिमुकल्या पक्ष्याच्या जोडीला एका वेळची पिल्लं वाढवायला ६,००० ते ९,००० सुरवंट लागतात! म्हणून पानांना भोकं दिसली की मला आनंदच होतो. कृपा करून लगेच फवारणी करू नका.

पाणी-खत कमी लागतं हेही खरं, पण मुळं खोल जाईपर्यंत, म्हणजे पहिलं वर्षभर तरी, पाणी द्यावंच लागतं. हे न कळल्यामुळे बरीच रोपं वाळतात.

आणखी एक. शोभेसाठी आणलेली घाणेरी बागांतून निसटून कितीतरी देशांच्या रानांत माजली आहे. स्थानिक झाडांबाबत ही धास्ती नसते.

सगळी बाग उपटू नका. एका कोपऱ्यात दोन-तीन झुडपं लावून सुरुवात करा.